तुझे ठिपके, माझी गंगा

मुकुंदा,

तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला, याचा मला राग आला आहे. हा राग कुणाला सांगण्यासारखा नाही. कुसुमला सांगितला तर ती म्हणेल, माझा धाकटा भाऊ समाधानानं गेला, तर तुम्हांला तेही बघवेना. म्हणून तुझ्यावरचा राग तुलाच सांगतो.

दहाव्याला आम्ही धारहून खलघाटला नर्मदेवर गेलो. तुला मूलबाळ नाही, म्हणून विधी आमच्या अमितनं केले, भाच्याच्या नात्यानं. पोराचं शिक्षण हिंदीत झालेलं, मराठी वाचायची म्हणजे त्याला घाम फुटतो, पण मामाचं नाव आणि गोत्र त्यानं चुकवलं नाही. पिंड मांडला आणि आम्ही सगळे मागं सरकलो. पुढं काय असतं ते तुला ठाऊक आहे. कावळा येत नाही, मग एकेक जण पुढं होतो, गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल याचा अंदाज बांधतो आणि मोठ्यानं कबुली देतो. तुझे वडील, आबा, गेले तेव्हा किती खोळंबलो होतो आपण. कुसुमनं सांगून झालं, काकांनी सांगून झालं, आणि शेवटी तू पुढं होऊन म्हणालास की आबांची ऐरण आणि हातोड्या कुणाला देणार नाही, तेव्हा कुठं कावळा उतरला. विज्ञानाचा माणूस तू, पण त्या दिवशी कावळ्याला हात जोडलेस.

तर या खेपेला मी तयारीनं गेलो होतो. गाडीत मनातल्या मनात वाक्य घोकत होतो: मुकुंदा, तुझ्या ठिपक्यांच्या तिसऱ्या फेरीत जे निघेल ते मी समजून घेईन, आणि तू बरोबर ठरलास तर चारचौघांत मान्य करीन. मला खात्री होती की बाकीच्यांचे अंदाज चुकणार. कुणी धारच्या घराचं बोलेल, कुणी कुसुमच्या तब्येतीचं, आणि सगळे थकले की मी पुढं होणार. पण आम्ही धड मागंही सरकलो नव्हतो, तेवढ्यात एक कावळा खाली आला आणि त्यानं सरळ भाताला चोच लावली.

शेजारी होडी बांधत असलेला नावाडी म्हणाला, "कागलो तो झट अई ग्यो, भिया. जीव कंई अटक्यो नी."

सगळ्यांनी हात जोडले. कुसुम रडता रडता हसली. मी आपला वाक्य तोंडात धरून उभा.

म्हणजे तुझं काहीच राहिलं नव्हतं? आपलं एवढं भांडण अर्ध्यावर पडलेलं, आणि तुझा जीव त्यात जरासुद्धा अडकू नये? रोज संध्याकाळी धारहून फोन करून मला छळत होतास ते काय नुसतं वेळ जात नाही म्हणून? परतताना गाडीत सगळे तुझ्या समाधानाबद्दल बोलत होते आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. तू मला फसवलंस असं वाटत होतं.

या भांडणाचं मूळ माझ्या गंगेत आहे, असं तूच म्हणायचास. मी देवासच्या कारखान्यात विजेच्या खात्यात होतो, आणि अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत आमच्या मंडळाची झांकी, म्हणजे देखाव्याची गाडी, निघायची. एका वर्षी शंकराच्या जटेतून गंगा उतरवायची असं ठरलं. तेव्हा चिप वगैरे कुठली. एक लाकडी रोलर, त्यावर तिरक्या बसवलेल्या तांब्याच्या पट्ट्या. रोलर मोटरवर फिरायचा, पट्ट्या एकामागून एक तारांना शिवायच्या, आणि बल्ब एकापुढं एक पेटत विझत जायचे. पट्ट्या एकसारख्या हव्यात म्हणून कुणीतरी धारच्या तांबटांचं नाव सांगितलं. तुमचं घराणं दरबाराबरोबर इकडं आलेलं, पिढ्यान्पिढ्या हंडे-घागरी घडवणारं. आबांनी पट्ट्या अशा कापून दिल्या की मला कानससुद्धा लावावी लागली नाही. त्या पट्ट्यांसाठी धारच्या खेपा घालता घालता कुसुमचं आणि माझं जमलं, ती गोष्ट निराळी.

तू तेव्हा इंदूरला कॉलेजात होतास. मिरवणुकीच्या संध्याकाळी सगळं देवास झांकीच्या पुढं उभं राहून म्हणत होतं, पानी बह रिया है. खरंच वाहत असल्यासारखं दिसायचं ते. आणि तू एकटा मागच्या बाजूला जाऊन रोलर बघत बसला होतास. मी तुला हाक मारली, पुढून बघ की रे, मजा तिकडं आहे. तू म्हणालास, पुढून बघून झालं. मला तेव्हाच कळलं की हा काही तांबट व्हायचा नाही.

पुढं तू पुण्याकडं रेडिओ दुर्बिणींच्या कामाला गेलास आणि आम्हांला तुझं काम कळेनासं झालं. मोठे तारे जन्माला कसे येतात ते बघतो, एवढंच तू सांगायचास. आमच्या ओळखीतल्या एकानं तर तुझ्याकडे मुलीची पत्रिका पाठवली होती आणि तू ती न रागावता परत पाठवलीस, वर लिहिलंस की माझे ग्रह नाहीत, तारे आहेत. आबांना मात्र तू एकदा नीट सांगितलंस की जगातलं बरंचसं तांबं अशाच भल्यामोठ्या ताऱ्यांच्या पोटात तयार झालंय. आबांनी हातातली घागर खाली ठेवली, विचार केला आणि म्हणाले, "झालं असेल. पण ठोकलं कुणी?" तू ही गोष्ट परदेशातल्या लोकांनासुद्धा सांगायचास म्हणे.

मला तुझं काम पहिल्यांदा कळलं ते नालछ्याच्या पुढं. एका श्रावणात तू, मी आणि कुसुम मांडूला निघालो होतो. नालछा सोडलं आणि धुकं असं उतरलं की गाडीचं बॉनेट दिसेना. तू गाडी कडेला घेतलीस. कुसुम घाबरली होती, सारखी म्हणत होती की मागून ट्रक आला तर. तू तिचं लक्ष वळवायला रेडिओ लावलास. जुनं गाणं अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. तू म्हणालास, बघा भावोजी, प्रकाश अडला, पण गाणं आलंच की. माझं सगळं काम एवढंच आहे.

भावोजी म्हणणारं आता कुणी उरलं नाही, मुकुंदा. अमितचे मेहुणे त्याला जिजाजी म्हणतात. 

त्या धुक्यात बसून तू मला सगळं सांगितलंस. मोठा तारा जन्मतो तो धुळीच्या दाट ढगाच्या आत, कुणाला न दिसता. लहान तारे ढिगानं असतात, सावकाश वाढतात, त्यांच्याकडे बघायला सवड मिळते. मोठे थोडे, लांब आणि भलतेच घाईचे. धूळ बाजूला होऊन दिसायला लागतात तेव्हा त्यांचं बाळपण संपलेलं असतं आणि पाळणा त्यांनीच मोडून टाकलेला असतो. मग बाळ एवढं मोठं झालं कसं, काय खाऊन झालं, हे कळायचं कसं? मी म्हटलं, घोडं इथंच अडलं म्हणायचं. तू म्हणालास, इथंच. आणि मग मेसरची गोष्ट काढलीस.

लेसर मला कारखान्यामुळं ठाऊक होता. तू म्हणालास, तसंच, पण रेडिओ लहरींचं, आणि कुणी न बनवलेलं. त्या बाळाच्या भोवती मिथेनॉलची वाफ असते. मी दचकलो, आमच्याकडे मिथेनॉलच्या ड्रमवर कवटीचं चित्र असायचं. पाळण्याभोवती स्पिरिट ठेवलंय म्हटल्यावर कुसुमनंही कान टवकारले. त्या वाफेचे रेणू ताऱ्याच्या उबेनं भरून जातात, काठोकाठ. अशात एक बारीकशी लहर त्यांतून गेली की ते भरलेले रेणू आपलं भांडं तिच्यात रिकामं करतात, तिच्याच सुरात आणि तिच्याच दिशेनं. लहर मोठी होत होत बाहेर पडते, धुळीतून आरपार येते, आणि आपल्या दुर्बिणीला आकाशात एक झगझगीत ठिपका दिसतो. या जातीचे ठिपके मोठ्या ताऱ्यांच्या बाळांभोवतीच सापडतात, दुसरीकडे नाही. म्हणजे ठिपका दिसला की समजायचं, आत पाळणा हलतोय. कधी बाळ मोठा घास गिळतं, तेव्हा हे ठिपके एकदम उजळतात, असंही अलीकडे दिसलंय. तांबट आळीत सगळीकडून ठोकाठोक चालू असावी आणि त्यात एकाच घागरीचा शुद्ध सूर कानाला लागावा, तसा तो ठिपका ऐकू येतो, असं तू म्हणालास. धुकं विरळ झालं तरी आपण निघालो नाही. कुसुमनं दशम्या काढल्या आणि तिथंच खाल्ल्या. मांडू राहूनच गेलं त्या दिवशी.

माझ्या अंगात भांडण शिरलं ते पुढच्या वेळी. तू निवृत्त होऊन धारला परतला होतास आणि संगणकावर काम चालूच होतं. मला एक चित्र दाखवलंस. वेगवेगळ्या खंडांतल्या दुर्बिणी एकदम एकाच जागी रोखल्या की दृष्टी इतकी तीक्ष्ण होते म्हणे की अशा बाळाभोवतीचे ठिपके सुटे सुटे मोजता येतात. तुझ्या बाळाभोवती ते कड्यासारखे मांडलेले होते. मग काही वर्षांनी काढलेलं दुसरं चित्र तू त्यावर ठेवलंस. ठिपके किंचित सरकले होते. तू खुशीत होतास. तुझं म्हणणं, वायू ताऱ्याभोवती गरगर फिरतोय, भोवऱ्यातून आत उतरतोय, बाळ असंच जेवतं.

मी म्हटलं, मुकुंदा, ही माझी गंगा आहे. ठिपके सरकले नाहीत, उजेड सरकला. बल्ब जागच्या जागी आहेत, कुणीतरी आत रोलर फिरवतंय. तारा आतून कमीजास्त तापला, की आज इथली वाफ पेटेल, उद्या शेजारची. पुढून बघणाऱ्याला वाटणार पाणी वाहतंय.

मला वाटलं होतं तू हसशील. तू हसलास, पण वेगळंच. म्हणालास, या एका गोष्टीवरून आमच्यात मी नोकरीला लागायच्या आधीपासून भांडणं चालू आहेत, तुम्ही काही नवीन काढलेलं नाही. मग मात्र खुर्ची पुढं ओढून बसलास. प्रत्येक ठिपक्याचा आपापला सूर असतो, रतीभर वरचा किंवा खालचा, कारण त्या जागचा वायू आपल्याकडे येतोय की दूर चाललाय यावर तो ठरतो. आता समजा ठिपका सरकला आणि सूर तोच राहिला, तर तोच वायूचा गोळा सरकला. सरकता सरकता सूर बदलत गेला, तर उजेड एका गोळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतोय. मग तुमची गंगा खरी. इतकं सरळ नसतं, फिरणाऱ्याचा सूरही जरा बदलतोच, पण ढोबळ खूण ही. मी विचारलं, मग तुझ्या दोन चित्रांत काय दिसतं? तू म्हणालास, दोन चित्रांवरून ठिपका सरळ चालला की उड्या मारत गेला हे सांगता येत नाही. तिसरं पाहिजे, निरीक्षणाची तिसरी फेरी.

तिथून त्या तिसऱ्या फेरीत काय निघणार यावरून आपलं भांडण सुरू झालं. रोज फोन. कुसुम जेवायला वाढून बसायची आणि मी फोनवर बल्ब पेटवत विझवत असायचो. तू म्हणायचास, भावोजी, तुम्ही पालथा घडा आहात. मी म्हणायचो, घडे तुमच्या घराण्यात. एकदा तू चिडून फोन ठेवलास आणि लगेच परत करून म्हणालास, तुमचा एक मुद्दा मी टाकून दिला होता, तो टाकायला नको होता. त्या दिवशी मला झोपताना फार बरं वाटलं.

मागच्या गणपतीत तू देवासला आलास तेव्हा हा वाद गल्लीत उतरवलास. माळ्यावरचा जुना रोलर काढायला लावलास. पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या, तू चिंचेनं घासून लख्ख केल्यास, आबांनी शिकवलेलं विसरला नव्हतास. गच्चीच्या कठड्यावर मी दोन गोष्टी मांडल्या. एका बाजूला रोलरवर पळणारी बल्बची रांग, दुसऱ्या बाजूला काठीला बांधलेला एकच बल्ब, जो अमित हातानं ओढत नेणार. तू गल्लीच्या पार टोकाला जाऊन उभा राहिलास, चष्मा काढून, म्हणजे सगळं धूसर दिसावं. आम्ही कधी हे चालवायचं, कधी ते, आणि तू ओरडून सांगायचं की ठिपका सरकतोय की उजेड.

दिवेलागणीची वेळ. अर्धी गल्ली जमली. लोहारद्याहून आमच्या शेजाऱ्यांकडे पाहुणे आले होते, ते विचारत होते की ये क्या चल रिया है, आणि शेजारीण सांगत होती, इनके साले साब साइंटिस्ट हैं, गणपति की लाइट चेक कर रहे हैं. तू साफ चुकलास, मुकुंदा. एकदा नाही, जवळजवळ दर वेळी. अमित तर हसून हसून काठी पाडायच्या बेतात होता. तू गच्चीवर आलास तेव्हा तुझं तोंड उतरलेलं होतं. मला वाटलं, फार ताणलं आपण. पण तू कठड्याला टेकून बराच वेळ रोलरकडे बघत राहिलास आणि म्हणालास, "बरं झालं. डोळ्यावर विसंबून राहिलो तर आपण कुठं फसणार, ते आज दिसलं. इलाला सांगायला पाहिजे."

इला तुझी विद्यार्थिनी, एवढं मला माहीत होतं. तिसरं निरीक्षण तिच्या हाती आहे, हेही. दुर्बिणींनी ते या वर्षी घेतलं, पण सगळ्यांचं ऐकलेलं एकत्र जुळवायला महिने लागतात. तोवर तू काही थांबला नाहीस. दुपारचा चहा घेऊन खुर्चीत बसलास तो बसलासच. शेजाऱ्यांनी कुसुमला फोन केला. मी आधी घड्याळाकडे पाहिलं, कारण तुझ्या फोनची वेळ अजून झाली नव्हती.

आठवडाभर लोक येत होते. एकजण म्हणाले, मामा आता तारा झाले. मी म्हटलं, एवढ्यात नाही व्हायचा तो, धुळीच्या आत बराच काळ काढावा लागतो. कुसुमनं डोळे वटारले. पण ते हसले, आणि मग मलाच रडू आलं.

लोक तुझ्याबद्दल जे बोलत होते त्यातलं निम्मं मला नवीन होतं. तू समोरच्या आजींना पेपर वाचून दाखवायचास. तू तबला शिकायला लागला होतास, या वयात. माझ्याशी तू फक्त ठिपक्यांवर भांडायचास. तूच सांगितलं होतंस की मेसरचा झोत ज्या दिशेला असतो तिथल्यालाच तो झगझगीत दिसतो. बाजूच्याला तो तारा आहे हेही कळत नाही. मला तुझा तेवढाच झोत मिळाला. तो भरपूर होता, पण आता वाटतं, एकदा तबला ऐकवायचास की रे.

तेराव्याला इला आली. शिडशिडीत पोरगी, हिंदी बोलणारी, पंगतीत वाढायला लागली तेव्हा कुणाला वाटलं नाही की ही परकी आहे. सगळं आवरल्यावर मी तिला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं की तुझ्या सरांचं या तिसऱ्या फेरीत मन नव्हतं का. ते सगळं सोडून दिलं होतं का त्यांनी. कावळ्याचं मी सांगितलं नाही, पण माझा चेहरा तिला दिसला असणार.

ती चकित झाली. म्हणाली, "आप ही देवास हैं?"

मला कळेना. मग तिनं सांगितलं. तू त्यांच्या बैठकीत कुणाचाही निष्कर्ष असा सोडायचा नाहीस. कुणी म्हणालं ठिपके सरकले, की तू माझी बाजू घेऊन उभा राहायचास. उजेड सरकला नाही कशावरून? आत रोलर नाही कशावरून? पोरं वैतागायची. हळूहळू त्या शंकेला त्यांच्यात नावच पडलं. कुणी नवीन चित्र आणलं की बाकीचे आधी विचारतात, देवास पास झालं का. गल्लीतल्या त्या संध्याकाळनंतर तू इलाला सांगितलंस की तिसरी फेरी अशी तपासायची की देवासवाल्यालाही बोट ठेवायला जागा राहू नये. आणि चैत्रातच तिला म्हणाला होतास की हे काम आता तुझं, माझं नाव मागं. निकाल आला की आधी भावोजींना दाखव. मग बाकी जगाला.

"सर रोज़ पूछते थे, देवास पास हुआ क्या," ती म्हणाली. आणि तिलाही रडू फुटलं.

मुकुंदा, तुला एक गंमत सांगतो, जी तुला कधी कळली नाही. इकडे टेकडीच्या रस्त्यावर सकाळी आम्ही म्हातारे फिरायला जातो. तिथं मी कुणाची बाजू घेतो? तुझी. टोंकखुर्दचे एक मास्तर आहेत आमच्यात, त्यांना मी तुझी गंगा... नाही, माझी गंगा सांगितली आणि ते म्हणाले, बरोबर आहे तुमचं, उजेडच सरकत असणार. तर मला असा राग आला. मी त्यांना सुराचं सगळं समजावलं, वायू कसा भोवऱ्यात उतरतो ते काठीनं धुळीत काढून दाखवलं, आणि म्हटलं, आमचा मुकुंद उगाच नाही म्हणत. ते म्हणाले, परवा संध्याकाळी फोनवर तर तुम्ही त्यांना उलटं सांगत होता. मी म्हटलं, ते त्याच्यासमोर.

म्हणजे तू तिकडे मी झाला होतास आणि मी इकडे तू. आणि दोघांनी एकमेकांना पत्ता लागू दिला नाही. हे इलाला सांगितलं तेव्हा ती डोळे पुसत हसली. कुसुमनं दाराशी उभं राहून ऐकलं होतं. ती म्हणाली, मला दोघांचंही ठाऊक होतं, रोज जेवण गार व्हायचं, तरी मध्ये पडले नाही. ती मध्ये पडली असती तर भांडण संपलं असतं, त्यामुळं मी तिचा आभारी आहे.

तर तुझ्यावरचा राग आता असा उरला नाही. तुझा जीव अडकला नाही, कारण तू तो प्रश्न नीट देऊन टाकला होतास. अर्धा इलाला आणि अर्धा मला. ऐरण आणि हातोड्या तू कुणाला दिल्या नाहीस, पण हे दिलंस. नावाडी बरोबरच म्हणाला.

पण आता अडकलोय तो मी. मला पहिल्यांदा कळतंय की मला ठिपके हलायला हवे आहेत. आयुष्यात इतकी मन लावून बाजू मांडली आणि आता इच्छा अशी की आपण हरावं. पहाटे जाग आली की मनात तेच येतं. समजा सूर बदललेला निघाला आणि गंगाच खरी ठरली, तर मी काय करू? कुणाकडे बघून मिशीला पीळ देऊ?

म्हणून परवा मी कुसुमला सांगून ठेवलं. माझ्या पिंडाला कावळा शिवला नाही, तर घराचं, अमितचं, स्वतःचं काही कबूल करत बसू नकोस. पुढं होऊन मोठ्यानं म्हण, मुकुंद जिंकला. तिनं विचारलं, आणि नसला जिंकला तर? मी म्हटलं, तरी म्हण, कावळ्याला काय कळतंय. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मुकूला कळेल."

खरं आहे तिचं. खोटा निकाल सांगून उतरवलेला कावळा तू परत उडवशील. तुझ्यापुढं असलं चालायचं नाही.

तेव्हा आता असं ठरलंय. इलाचं तिसरं चित्र मी असताना आलं, तर तुझ्या वेळेला, संध्याकाळी, ते घेऊन बसेन आणि जे असेल ते मानेन. मी नसताना आलं, तर कुसुमनं किंवा अमितनं खरं असेल तेच सांगायचं, हलले तर हलले, नाही तर नाही. आणि चित्र आलंच नसेल आणि माझा कावळा उतरत नसेल, तर कुणी काळजी करायची नाही, दर्भाचा कावळाही करायचा नाही. पिंड तसाच असू दे. मी वाट बघत बसलेला असेन.

तुला एव्हाना उत्तर कळलं असेल. तू मागच्या बाजूला जाऊन रोलर आहे की नाही ते बघूनच आला असशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. सांगू नकोस. मला अजून पुढून बघायचंय.